समितीपुढे नवऱ्याची साक्ष

बसचे निवृत्त ड्रायव्हर दवाखान्यातून घरी परतले, तेव्हा त्यांची बायको टीव्हीपुढे बसून माजी मंत्र्यांची साक्ष उतरवून घेत होती. बत्तीस वर्षं कोर्टात स्टेनो म्हणून काढल्यामुळे सगळी गल्ली तिला ‘बाई’ म्हणायची. चौकशी समितीची सुनावणी लागली की बाईंची पेन्सिल वहीवर आपोआप धावू लागे. त्यांना हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं, हे सांगायची हिंमतही कुणात नव्हती.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी पहिली मोठी चौकशी टीव्हीवर लागली, तेव्हा हे खूळ दोघांचंही होतं. ड्रायव्हर भर रस्त्यात टीव्हीच्या दुकानासमोर बस उभी करून काचेतून साक्ष बघत. प्रवासीही माना लांब करून तेच बघत असल्यामुळे तक्रार कुणी करायची? बाई तर कोर्टात रजाच टाकत आणि हुकलेला भाग संध्याकाळी वहीतून वाचून दाखवत. आता मात्र ड्रायव्हरांचं मन त्यात लागत नसे. त्या वेळचे लोक खोटं बोलताना निदान घाम तरी पुसायचे, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा एक डोळा निवृत्तीनंतर गेलेलाच होता, आणि आता उरलेल्यावर ऑपरेशन.

“अगं, ऐकतेस का? डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात. उद्याच. साडेसातला निघायचं. सोबत माणूस लागेल.”

“हं,” बाई म्हणाल्या. पेन्सिल चालूच होती.

तिनं एकदा मान वळवून बघावं, एवढंच त्यांना हवं होतं. मग ते आणखी काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटले आणि गाल फुगवून खिडकीपाशी जाऊन बसले.

दुपारी समिती जेवायला उठली. बाईंना अगदी स्फुरण चढलं होतं.

“अहो, सापडला बघा. ऐका हं.” त्या कोर्टातल्या सपाट आवाजात वाचू लागल्या. “अध्यक्ष: ही सही तुमची आहे? मंत्री: सही माझी आहे, पण फाइल मी पाहिलेली नाही. डोळ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात. अध्यक्ष: सरळ उत्तर द्या. मंत्री: साडेसातला निघायचं. सोबत माणूस...”

बाई थांबल्या. खोलीत कुणीही बोललं की उतरवायचं, एवढंच त्या हाताला ठाऊक होतं. डोक्याला विचारायची त्याला सवयच नव्हती.

“हे मंत्री नाही बोलले.”

“नाही.”

बाईंनी पान जवळ धरलं. “इथं पुढे मी जागा सोडलीय. आवाज नीट आला नाही की सोडते. काय म्हणालात?”

“काही नाही.”

“काही नसतं तर मी जागा सोडली नसती.”

ड्रायव्हरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “भीती वाटते, म्हटलं.”

बाईंनी ते दोन शब्द मोकळ्या जागेत लिहिले. मग त्यांना पुढचं अक्षर दिसेना. त्यांनी पदराने डोळे पुसले.

टीव्हीवर समिती परत येऊन बसली. मंत्र्यांनी घसा खाकरला. बाईंनी खुर्ची उचलून खिडकीपाशी आणली आणि मंत्र्यांकडे पाठ करून नवऱ्यासमोर बसल्या.

“आता पहिल्यापासून सांगा,” त्या म्हणाल्या. “सावकाश सांगा.”