वळत्या चेंडूआधी

येफ्रीच्या मनात अर्गेनिसबद्दल पहिल्यांदा संशय आला तो जेवताना.

दोघेही डॉमिनिकन, एका खोलीत राहणारे. बेसबॉलच्या संघात येफ्री चेंडू टाकणारा पिचर, अर्गेनिस तो झेलणारा कॅचर. आयोवातल्या त्या लहान गावात लोरेटाबाईंनी दोघांना घरी ठेवून घेतलं होतं. सामना संपला की त्यांच्या स्वयंपाकघरात अर्गेनिस कच्ची केळी उकडून मांगू घोटायचा, आणि समोरच्या संघातली आपल्या बेटावरची पोरंही हक्काने जेवायला यायची. रीतच होती ती. त्या दिवशी अर्गेनिसचा आतेभाऊ वँडी आला होता. दुपारी त्यानेच येफ्रीचा वळता चेंडू कुंपणापार धाडला होता.

"आणखी वाढू?" अर्गेनिसने विचारलं.

"वाढ की. तुझ्या पिचरने दुपारी पोटभर वाढलं, तरी जागा आहे."

सगळे हसले. येफ्रीला हसू आलं नाही. त्याचा वेगवान चेंडू अजूनही कुणाला झेपत नव्हता. वळता मात्र हल्ली जो तो वाट बघत असल्यासारखा टोलवत होता. कुठला चेंडू येणार हे दोघांनाच ठाऊक असतं: बोटांनी इशारा करणाऱ्या कॅचरला आणि तो घेणाऱ्या पिचरला.

मग साध्या गोष्टीही त्याला खुपू लागल्या. अर्गेनिस फोनवर हळू का बोलतो? आपण खोलीत आलो की गप्प का होतो?

"शनिवारी वरून माणसं येतायत," कोच डनलॅप म्हणाले. "नीट टाकलंस तर वरच्या लीगमध्ये जाशील. अर्गेनिसकडेही डोळा आहे त्यांचा. तो वळता तेवढा सांभाळ, बाळा."

शनिवारी समोर वँडीचाच संघ होता. येफ्रीने मनाशी ठरवलं, आज पारख करायची. वँडी बॅट घेऊन उभा राहिला. अर्गेनिसने दोन बोटं दाखवली: वळता. येफ्रीने मान डोलावली, आणि टाकला वेगवान. अर्गेनिसने सांगून ठेवलं असेल तर वँडी फसणार होता.

वँडी फसला नाही. त्याची बॅट वेळेवर फिरली, चेंडूला निसटती लागली. खाली वाकून वळत्याची वाट बघणाऱ्या अर्गेनिसच्या उघड्या अंगठ्यावर चेंडू जाऊन आदळला.

त्याला धरून बाहेर नेलं, तेव्हा येफ्री जागीच उभा होता. वेगवान येणार हे वँडीला कळलं होतं. अर्गेनिसला कळलं नव्हतं.

नवा कॅचर बसला. त्यानेही दोन बोटं दाखवली. येफ्रीचा हात सवयीने छातीकडे गेला, सदऱ्याखालच्या क्रूसाकडे. बाप्तिस्म्याला आईने घातलेला. समोरच्या संघाच्या बाकावरून कुणीतरी हलकी शीळ घातली. वँडीने पाय मागे सरकवून वळत्याची तयारी केली.

येफ्री थांबला. वेगवान चेंडूवर त्याचा भरवसा होता, त्याआधी देव आठवत नसे. वळत्याची खात्री नव्हती, म्हणून प्रत्येक वळत्याआधी तो क्रूसाला हात लावत आला होता. सगळ्या मैदानादेखत.

पुढे त्याने हात चेंडूवरच ठेवला. वँडी बाद झाला, त्यामागचेही झाले.

"सोमवारी निघ," कोच म्हणाले. "तू एकटाच. अर्गेनिसचा हंगाम संपला."

संध्याकाळी अर्गेनिस डाव्या हाताने केळी घोटत होता. उजव्याला पट्टी होती.

"इशारा माझाच चुकला असणार, भावा," तो म्हणाला. "घामाने बोटं निसटतात. वरच्या लोकांनाही तेच सांगितलंय. जाताना तुझं नाव खराब नको."

येफ्री त्याच्याजवळ गेला.

"इशारा बरोबर होता. मला दिसला होता."

अर्गेनिसचा हात थांबला. येफ्रीने सगळं सांगितलं, क्रूसाचंही.

"म्हणजे इतके दिवस माझ्या हातचं खाताना तू हेच बघत होतास," अर्गेनिस म्हणाला. आवाज चढला नाही. "तुला क्रूसाला हात लावताना मी रोज बघायचो. देवाचं काम आहे, कशाला टोकायचं, म्हणून बोललो नाही."

"कोचना सांगतो. तुझा दोष नव्हता, हे त्यांना कळायला हवं."

"मग तुला नेतील?"

"माहीत नाही."

"तुझं तू बघ." अर्गेनिस पुन्हा केळी घोटू लागला.

येफ्रीने भिंतीवरचा फोन उचलला. हात छातीकडे गेला, खात्री नसली की जायचा तसा. या वेळी त्याने तो अडवला नाही. पलीकडे कोचचा आवाज आला.