दोन बोटांची ढील

झाडामागे सहा रुपये आणि झाडं सहाशे चाळीस. म्हणजे झीनतला मिळणार होते तीन हजार आठशे चाळीस रुपये, आणि माप साहेबांच्या मनासारखं आलं तर ऑफिसात कायमची नोकरी. मित्रांनो, बोलायला सुरुवात करतानाच हिशेब मांडला म्हणून हसू नका. मी एक जुनी टेप आहे, शिंप्याची. मोजल्याशिवाय मला बोलताच येत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते सोलापुरातल्या नवी पेठेतलं लहानसं दुकान आणि लालसाब मास्तरांचा उबदार गळा. मी मेणकापडाची पिवळी पट्टी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. तीस वर्षं मी मास्तरांच्या गळ्यात होते आणि तीस वर्षं मी माणसांच्या कमरेला मिठ्या मारल्या. त्यातून एक गोष्ट शिकले. माप देताना प्रत्येक पुरुष पोट आत घेतो. व्यापारी घेतो, शाळामास्तर घेतो, नवरदेव तर श्वासच सोडत नाही.

लालसाब मास्तर हे ओळखून होते. ते काही बोलत नसत. माझ्या वेढ्याखाली हळूच दोन बोटं सरकवत आणि मगच आकडा सांगत. त्या जागेला ते ढील म्हणत. माणूस जेवणार, बसणार, हसणार. कपड्याने त्याचा श्वास अडवू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यांची लेक झीनत शाळेतून आली की त्यांच्याशेजारी बसायची. तिच्याही बोटांना तीच सवय लागली. सवय ही विचारून लागत नाही.

पुढे तयार कपड्यांचे ढीग आले. गिऱ्हाइकं पँट विकत घेऊन फक्त लांबी कमी करायला येऊ लागली. माझं काम संपलं. मी खिळ्यावर लटकले. कधी माझ्याने मच्छरदाणी बांधली, तर कधी माझ्या पितळी टोपीने परकराच्या नेफ्यात नाडी ओवली. कौतुकाचे दिवस असे नाडी होऊन संपतात, मित्रांनो.

मग एके दिवशी झीनतने मला खिळ्यावरून काढलं. तिला सात रस्त्यावरच्या एका ऑफिसात काम मिळालं होतं. काम ऐकून मास्तर बराच वेळ हसत होते. दूरच्या देशातली एक विमान कंपनी होती. विमानं धूर सोडतात, झाडं तो धूर हवेतून ओढून आपल्या लाकडात साठवतात. म्हणून ती कंपनी या ऑफिसामार्फत झाडं राखणाऱ्या गावाला पैसे देणार, आणि झाड जितकं जाड तितका पैसा. मास्तरांनी विचारलं, "म्हणजे झाडाची कंबर मोजायची?" झीनत म्हणाली, "छाती, अब्बा. जमिनीपासून साडेचार फुटांवर." ऑफिसने दिलेली पोलादी पट्टी पहिल्याच दिवशी अडकून बसली, म्हणून मला बोलावणं आलं.

अक्कलकोटच्या बाजूला हिवरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या माळावर मी गेले आणि मला वेगळंच जग सापडलं. कडुलिंब, हिवर, बाभूळ. प्रत्येकाच्या खोडावर पत्र्याचा बिल्ला आणि नंबर. मी खोडाभोवती वेढा घेई आणि डोळे मिटल्यासारखं होई. आत कुठेतरी पाणी चढत असल्यासारखं वाटे. दुपारच्या उन्हात सावली माझ्या आकड्यांवरून सरकत जाई आणि मी इंच विसरून जाई. एकाही झाडाने पोट आत घेतलं नाही. असं गिऱ्हाईक मला तीस वर्षांत भेटलं नव्हतं.

माळाचा राखणदार होता बिरप्पा. पाच वर्षांपूर्वी गावाने ठरवलं की माळावर झाडं वाढू द्यायची, मेंढरं आत सोडायची नाहीत. सगळ्यात जास्त मेंढरं बिरप्पाची, म्हणून राखणही त्यालाच दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं म्हणून गाव हसलं. बिरप्पाने मात्र रोज सहा मैल वळसा घालून मेंढरं चारली. चारा पुरेना म्हणून निम्मा कळप विकला. गावाला पैसे आले की पाचवा हिस्सा त्याचा, असा ठराव होता. त्यात चार मेंढ्या परत येतील, असं त्याने बोटांवर मोजून ठेवलं होतं. झीनतला तो तंगी म्हणे. कानडीत धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

आमचं मोजून झालं. आकडे पाहून ऑफिसचे उदयसिंह साहेब खुर्चीतून उठलेच. झाडं अंदाजापेक्षा फारच वाढली होती. गावाचा वाटा एक लाख ऐंशी हजार निघाला. साहेबांनी सर्वांना पेढे दिले. झीनतच्या पिशवीत मलाही पेढ्याचा एक डाग लागला, तो अजून आहे.

महिन्याने पुण्याहून महेश्वर साहेब तपासायला आले. पैसे देणाऱ्यांच्या वतीने ते पुन्हा मोजणार होते. त्यांच्याकडे चकचकीत पोलादी टेप होती. एकशे सतरा नंबरचा लिंब आमच्या वहीत सेहेचाळीस सेंटिमीटर. त्यांना भरला त्रेचाळीस. पुढचा हिवरही तीनने कमी. त्याच्या पुढची बाभूळही.

महेश्वर साहेबांनी चष्मा पुसला. माणसं बारीक झालेली त्यांनी पाहिली होती, झाडं पाहिली नव्हती. हा आकडा असाच राहिला तर पैसे मिळणाऱ्या गावांच्या यादीतून हिवरवाडीचं नाव जाईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. उदयसिंह साहेबांना घाम फुटला, पण डोकं थंड होतं. ते म्हणाले, "मेंढ्यांनी साल सोलली असेल. राखणदारानेच आत सोडल्या असणार. त्याचा हिस्सा रद्द करू, बाकी गाव वाचेल."

बिरप्पाने जवळच्या खोडावर हात ठेवला. "सायेब, पाच वर्सं मेंढरू हितं आलं न्हाय," तो म्हणाला. "साल बगा की झाडाची. कुटं दात लागल्यात?"

कोणी साल पाहिली नाही. झीनतला गप्प राहणं सोपं होतं. नोकरी, तीन हजार आठशे चाळीस, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तिने फक्त पुढच्या झाडाला मला वेढलं, स्वतःची खात्री करून घ्यायला. आणि तिची दोन बोटं आपोआप माझ्याखाली सरकली. मला ती जाणवली. मग तिलाही जाणवली. ती त्या बोटांकडे बघत राहिली.

"साहेब, झाडं बारीक झाली नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांना ढील दिली. शिंप्याची पोर आहे मी. सहाशे चाळीस झाडांना दोन-दोन बोटं हवा मोजली. बिरप्पामामांचा यात काही दोष नाही."

महेश्वर साहेबांनी तिच्या बोटांसकट एकदा मोजलं, बोटांशिवाय एकदा. सेहेचाळीस, त्रेचाळीस. मग पहिल्यांदाच ते हसले. गाव यादीत राहिलं. सगळी झाडं पुन्हा मोजायची ठरली, पोलादी टेपने.

मित्रांनो, आता मी परत खिळ्यावर आहे. सांगण्यासारखं एवढंच: माणसाचं माप घ्याल तेव्हा दोन बोटं जागा सोडा, झाडाचं घ्याल तेव्हा सोडू नका. आणि आकडा चुकला तर दुसऱ्याच्या मेंढ्या मोजण्याआधी आपली बोटं पाहा.

परवा बिरप्पा नवी पेठेत आला, सदऱ्याचं कापड घेऊन. मास्तरांनी मला त्याच्या छातीभोवती वेढलं, तेव्हा तो झीनतकडे पाहून म्हणाला, "तंगी, हितं बोटं घातली तर चालतंय न्हवं?" त्याने पोट आत घेतलं नाही. झाडांसारखा उभा राहिला.

आता शेवटचा हिशेब. विमान कंपनीने झाडं जेवढी वाढली तेवढ्याचेच पैसे दिले. गावाचा वाटा एक लाख सव्वीस हजारांवर आला. बिरप्पाच्या चार मेंढ्यांपैकी तीन आल्या. सात रस्त्यावरच्या ऑफिसने आपली फी आधीच कापून घेतली होती, जुन्या मापाने, ढिलीसकट. ती परत केल्याचं ऐकिवात नाही. झीनतने अकरा दिवस सगळी झाडं फुकट मोजली, एसटीचं भाडं स्वतः भरलं, आणि नव्या पोलादी टेपचे तीनशे वीस रुपये तिच्याच पैशांतून गेले. कायमची नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. बिरप्पाच्या सदऱ्याची शिलाई मास्तरांनी घेतली नाही.

म्हणजे ती शिलाईही झीनतच्याच घराने भरली.