खुडायची राहिलेली फूट

आधीच सांगून टाकते, चूक माह्यीच होती. लोक म्हणतात, शोभाताई, जाऊ द्या, झाडच होतं. झाडच होतं म्हणे! त्यायचं काय जाते बोलाले?

प्रताप नगरचा प्लॉट घेतला तवा आमच्या ह्यायनं, म्हणजे बाबारावनं, मागच्या अंगणात संत्र्याचं झाड लावलं. आमाले लेकरू नाही. मग सारे लाड त्या झाडाचेच. मी चिडवत होती, की तुमचं पोरगं काही कॉलेजात जात नाही. मागच्या वर्षी त्याले डिंक्या लागला. बुंध्यातून डिंक गळू लागला, एकेक फांदी वाळत गेली. झाड तोडाच्या आधी ह्यायनं शेवटच्या हिरव्या काडीवरचे तीन डोळे, म्हणजे कोंब फुटतात त्या जागा, सालीसकट काढले, कुंडीतल्या जंबेरीच्या, म्हणजे रानटी आंबट लिंबाच्या, तीन रोपांवर कलम करून भरले अन् वरून प्लास्टिकची पट्टी बांधली. दोन वाळले, एक फुटला.

तो बोटभर झाला अन् ह्यायच्या आधीच अधू असलेल्या किडन्यायनं पुरता दगा दिला. दवाखान्यात जाताना ऑटोत बसता बसता मले एकच गोष्ट सांगितली. पट्टीच्या खाली जंबेरी फुटते, ती रोज खुडत जाजो, नाहीतर सारं पाणी तीच पिते अन् वरचा डोळा मरते.

महिनाभर ते आयसीयूत होते. मी सकाळी घरी येऊन कुंडीले पाणी द्यायची. पट्टीखाली फूट दिसायची. हात न्यायची अन् मागं घ्यायची. माह्या माहेरी माणूस अत्यवस्थ असला का घरात कोणी हिरवं तोडत नाही, परसातली कोथिंबीरही नाही. शिकलेली बाई मी, सारं समजते. पण इकडं नखानं फूट तोडली अन् तिकडून फोन आला तं? नाही खुडली. एकदाही नाही. दवाखान्यात मात्र खोटंच सांगत होती, मस्त वाढून राहिलं.

हे घरी आले ते चपला न काढता मागं गेले. जंबेरी हातभर झाली होती, काटे अन् पानं नुसती. वरचा डोळा काळा पडला होता. नवा भरावा तं काडी आणावी कुठून? जुनं झाड तं कवाचंच तोडलं होतं.

"काहून नाही खुडलं वं?"

मी खरं काय ते सांगितलं. तुमच्या जिवासाठी, म्हटलं. वाटलं, आता भांडतील. भांडले असते तं बरं झालं असतं. त्यायनं वाळल्या डोळ्याले अंगठा लावला, तो गळून पडला.

"मी तं जाणारच होतो वं," ते म्हणाले. "हे तुह्यासाठी भरलं होतं."

हे मले आधी सांगाले काय झालं होतं त्यायले? दिवाळीच्या आधी ते गेले. मी अजून त्यायच्यावर रागावून आहे, अन् रागवाले घरात कोणी नाही.