सईची काळी ट्यूब

मी ट्रकची ट्यूब बोलतेय. ट्यूबला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. पण त्या दिवसापासून पंप नुसता दिसला तरी माझा थरकाप उडतो.

कळंबोलीच्या एका ट्रेलरच्या चाकात, टायरच्या अंधारात माझी सहा वर्षं गेली. मग टायरवाल्याने मला बाहेर काढलं आणि खांदा कॉलनीतल्या अपूर्वने लेकीसाठी घरी आणलं. सई चौथीत आहे. तिने खडूने मला डोळे काढले. एवढे लाड माझे कुणी केले नव्हते.

मे महिन्यात आम्ही उरणच्या किनाऱ्यावर जायचो. गर्दी म्हणजे काय, पाय ठेवायला जागा नाही! म्हणून यंदा अपूर्व म्हणाला, "जुलैत जाऊ. ऑफ सीझनला अख्खा बीच आपला!"

आणि सुख होतंच. गाडी थेट वाळूपाशी लागली. खानावळीतल्या काकूंनी आग्रह करकरून वाढलं. सईची आई अनुया तर जेवून तिथेच बाजेवर झोपली. मला मात्र धडकी भरली होती. जीवरक्षकाची खुर्ची रिकामी होती, होड्या वर ओढून झाकलेल्या होत्या.

अपूर्वने सईला माझ्यात बसवून गुडघाभर पाण्यात सोडलं. फोटोत सगळा मोकळा समुद्र यावा म्हणून तो मागे मागे सरकत गेला. ओहोटी होती. परतणाऱ्या लाटेने आम्हाला आत ओढलं. सई किंचाळत होती. मला हात नाहीत हो! मी नुसती तरंगत होते, आणि तिला घेऊन आणखी आत जात होते.

खडकावर कालवं काढणारी रंभा कोळीण धावली. गळाभर पाण्यात येऊन तिने मला धरलं. बाहेर आल्यावर ती अपूर्ववर कडाडली, "नारली पुनवेपतुर आमी पन पान्यान जात नाय! तुमाला समजत नाय काय?"

अपूर्वने सईला उचलून छातीशी धरलं. तरी गाडीकडे जाताना सईला म्हणाला, "आईला सांगू नकोस हं. उगाच घाबरेल."

काल अनुया भावाला फोनवर सांगत होती, "दादा, उद्या मुलांना घेऊन तुम्हीही चला. अजिबात गर्दी नसते." अपूर्वने मोबाईलमध्ये डोकं घातलं. सईने माझ्याकडे पाहिलं.

आज पंप बाहेर निघालाय. अपूर्व गाडीत सामान ठेवतोय. सई बाल्कनीत माझ्याजवळ येऊन बसलीय. तिच्या हातात कंपासपेटीतलं कर्कटक आहे. टोक तिने माझ्यावर टेकवलंय आणि रडतेय.

रडू नकोस, बाळा. दाब. बाबा वर यायच्या आत दाब.