आधी ठोका, मग नळ सोडा

मित्रांनो, मी पन्हळी पत्र्याची एक जुनी टाकी आहे, आणि माझी स्तुती करणाऱ्यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात, लोकर कातरायच्या शेडला टेकवून मला बसवलं. छपरावरचा पाऊस माझ्यात उतरायचा. कातरणारे गडी आधी मला बोटांनी खालून वर ठोकत. आवाज भरीव तिथवर पाणी. ते पाहून बेताने घेत. पुढे मेंढ्या गेल्या, राष्ट्रीय उद्यान झालं, तंबूवाले आले. हे ठोकत नाहीत. सरळ नळ सोडतात.

यंदा पाऊस फिरकलाच नाही. पाणी तळाशी गेलं, त्यात नळ गळू लागला. अशात नेव्हिल आणि त्याची बायको नोएलीन पांढरीशुभ्र कॅरावॅन घेऊन आले.

"वा, काय गोड पाणी!" नेव्हिल म्हणाला. मी तिथेच सावध झाले. किटलीनंतर त्याने दोन मोठे कॅन भरले.

"गाडीवरची लाल धूळ बघवत नाही गं. धुऊन काढतो."

"अरे, टाकीवर 'फक्त पिण्यासाठी' लिहिलंय. आणि मागून ती सायकलवाली पोरगी येतेय. इथे बाटल्या भरीन म्हणाली होती."

"पाटी गर्दीसाठी असते. इथे आपण दोघंच."

दोघंच नव्हते. धुळीने माखलेल्या गाडीतून एक म्हातारी उतरली. स्तुती नाही, काही नाही. मला ठोकलं, तोंड वाकडं केलं, मग स्वतःच्या बुटाची जीभ कापत बसली. उठली ती पाना घेऊन. माझ्या पत्र्यात धस्स झालं. पितळी नळावर डोळा, दुसरं काय!

तिने नळाचं डोकं उघडलं. पाणी भसाभस उसळलं.

"चोर! टाकी रिकामी करतेय!" नेव्हिल ओरडला. कॅन हातात होतेच.

म्हातारीने बुटाच्या जिभेतून कापलेली चामड्याची चकती आत दाबली, पाना आवळला. गळती थांबली.

"वायसर गेला होता, बाबा. आता ते कॅन वरून टाकीत ओत. शेडची शिडी मी धरते."

"आणि माझी गाडी?"

"माझी बघ. धुळीने अडलीय का कुठे?"

"चढ रे," नोएलीन हसू दाबत म्हणाली. "किटली तेवढी आपली."

त्याने ओतलं. दुसऱ्या कॅनच्या तळाशी थोडं राखलं असणार. मला आवाजावरून कळतं.

संध्याकाळी ती पोरगी आली. नळाला तोंड लावून प्यायली, दोन्ही बाटल्या भरल्या. स्तुती करायला तिच्यात दम नव्हता. तिच्यावर मी विश्वास ठेवला.

तेव्हा मित्रांनो, आधी ठोका, ऐका, मग घ्या. जाताना नळ घट्ट बंद करा. केलात? पुन्हा एकदा बघा.