दादाने वाढवून घेतलेली गोळी

वडील न्यूमोनियाने दवाखान्यात होते. ताप, खोकला आणि शेजारच्या खाटेवरचं रात्रंदिवस कण्हणं. अशात कुणाचंही बीपी चढेल. पण आमचा दादा म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा! घरी सोडायच्या दिवशी त्याने डॉक्टरांना गाठलं.

"एवढं बीपी असताना घरी कसे पाठवता? गोळी वाढवा!"

डॉक्टरही असे वस्ताद, की मान वर न करता त्यांनी बीपीच्या आधीच्या गोळीच्या जोडीला दुसरी लिहून दिली. शहाणपण दोघांनी केलं, भोगलं वडिलांनी.

घरी आल्यावर आठवड्याच्या आतच अंथरुणातून उठताना वडिलांना घेरी आली. ते पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आधी बसवून आणि मग उभं करून बीपी मोजलं. उभं राहताच बीपी धाडकन खाली आलं.

"आजारपणात चढलेलं बीपी बरं वाटल्यावर बहुतेकदा आपोआप उतरतं," म्हणत त्यांनी नवी गोळी बंद केली.

मी दादाला फोन केला.

"तुला साधं लक्ष ठेवता येत नाही त्यांच्यावर?" तो मलाच झापू लागला.

मी वडिलांना घास भरवत होते. त्यांनी विचारलं, "कोण गं?"

"कुणी नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.