तारांकित प्रश्न नंबर तीन

जाफराबादजवळच्या त्या वाडीत मोबाईलचा टॉवर होता, रेंज तेवढी नव्हती. रेंज टेकडीच्या माथ्यावर. म्हणून रेशनवालाही अंगठ्याचं मशीन घेऊन वरच बसायचा. अंगठा उठला की गहू. धुळाजी दर महिन्याला ऐंशी वर्षांच्या आईला, गोपिकाबाईला, पाठीवर घेऊन चढायचा. आता त्याचेच गुडघे कुरकुरत होते.

राज्यसभेच्या राजानंद साहेबांकडं त्यानं अकरा चकरा मारल्या. साहेबांना आमदारांनी निवडून दिलेलं, लोकांच्या दारात जायचं काम नव्हतं. त्यामुळं घरी बराबर सापडायचे. बाराव्या चकरेला म्हणाले, "धुळाजी, तुमचा टॉवर दिल्लीत नेला. तारांकित प्रश्न! सोडतीत नंबर तिसरा. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागंल. त्यानं थाप मारली की मी जागेवरच उलटा प्रश्न टाकतो, चालू हाय तर रेंज कुठंय?"

"आन् थाप न्हाई मारली तर?"

"मारतोच."

प्रश्नाच्या दिवशी बारा वाजता सारी वाडी शेजारच्या कल्याणच्या घरी टीव्हीपुढं. प्रश्न सुरू होतात न होतात तोच धा-बारा खासदार फलक घेऊन सभापतींपुढं धावले. दोन प्रश्न गोंधळातच उरकले.

"प्रश्न तीन. राजानंदजी!"

खुर्ची रिकामी.

"राजानंदजी, जागेवर जा आणि तुमचा प्रश्न विचारा!"

गर्दीतून ओळखीचा आवाज आला, "प्रश्न विचारू द्या! आम्हाला प्रश्न विचारू द्या!"

"कोन वरडून राह्यलंय रं?" गोपिकाबाईनं विचारलं.

"आपलेच साहेब, आई."

"मंग इचार म्हनावं की मुडद्याला!"

सभागृह तहकूब झालं.

धुळाजीनं टेकडी चढून फोन लावला.

"पाह्यलं का? दणाणून सोडलं!" साहेब खूश.

"साहेब, तुमचंच नाव पुकारून राह्यले होते."

"पक्षाचा आदेश होता, जागेवर बसायचं न्हाई. पण उत्तर आलं बरं का. सभागृह बंद पडलं तरी लेखी उत्तर मिळतंच. ऐका, 'सदर टॉवर सुरळीत चालू आहे.'"

"अहो, हीच तर थाप! तुमचा उलटा प्रश्न?"

"तो तोंडीच विचारावा लागतो, धुळाजी. राहून गेला."

महिन्याभरात रेशनवाल्याला कागद आला. टॉवर चालू असल्याचं राज्यसभेत सांगितलेलं आहे, सबब मशीन गावाबाहेर नेल्यास परवाना रद्द.

गोपिकाबाई आपल्या पायानं दुकानात आली. मशीनवर अंगठा ठेवला. पडद्यावर चकरी फिरू लागली.

"उचलू नको आजी, दाबून धर," रेशनवाला म्हणाला.

तिनं धरला. मागं रांग दारापर्यंत गेल्ती, आन् समोर गव्हाची पोती शिवलेली तशीच उभी होती.